साखरेचं कुंपण

सेक्टर १५, चंदीगड
२ नोव्हेंबर २००३

चि. सुशांत,

आशीर्वाद पाठवतेय. घ्यायचे की दारातूनच परत पाठवायचे, ते तुझं तू ठरव.

फोन उचलतोस, माझा आवाज ऐकतोस आणि ठेवून देतोस. मोबाइल तर बंदच. म्हणून लिहायला बसले. इथून तुझ्या पिंजौरला बस तासाभरात पोचते आणि मी सख्ख्या भावाला पोस्टाने पत्र पाठवतेय, हे भुसावळला आईच्या कानावर गेलं तर ती दोघांनाही धपाटे घालेल. तिला मी अजून काही बोललेले नाही. तूही बोलू नकोस.

भाऊबीजेचा तो प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. मी निरांजन लावलेलं, तू व्हीलचेअरवर, प्रतिमा मागे उभी. मी ताट उचललं तर तू म्हणालास, "ताई, आजवर ओवाळणी मी घातली. या वर्षी तू घाल. मला ती औषधाची नळी दे." मला आधी वाटलं, चेष्टा करतोयस. मग तुझा चेहरा पाहिला. मी नाही म्हटलं, आणि तू कुंकूसुद्धा न लावून घेता बायकोला म्हणालास, "चल." खाली कुणी खुर्ची उतरवायला आहे की नाही, हेही न बघता. फौजेत मेजर झालास पण रुसायची पद्धत चौथीतली ती चौथीतलीच.

सप्टेंबरमध्ये लॅबमध्ये जे पाहिलंस ते पुन्हा सांगते, कारण त्यातलं निम्मंच तू ऐकलंस. उरलेला वेळ त्या उंदरांच्या पिंजऱ्याकडे बघत होतास.

मज्जारज्जूला इजा झाली की तिथे व्रण धरतो. त्या व्रणात पेशींच्या बाहेर साखरेच्या लांब साखळ्या साचतात. चहातली साखर नव्हे. लहान लहान साखरा एकीला एक जोडत गेलेल्या, मध्येच गंधकाचे काटे असलेल्या, अशा गुंतागुंतीच्या साखळ्या. तुटलेल्या मज्जातंतूला तर वाढायचंच असतं. त्याचं टोक पंजासारखं पसरतं आणि पुढची जागा चाचपतं. या साखळ्या लागल्या की ते आक्रसतं आणि मागे फिरतं. तुला बशीत दाखवलं होतं ना, मी साखरेचे पट्टे ओढले होते आणि तंतू शहाण्या मुलांसारखे मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून सरळ वाढले होते. कुंपणाला शिवायला एकही गेला नाही. एका जंतूपासून एक एन्झाइम मिळतं, ते या साखळ्या कातरतं. कातरल्या की तंतू पुढे सरकतात. परदेशातल्या लोकांनी गेल्या वर्षी उंदरांवर हे दाखवलं, मग आम्हीही करून पाहिलं. तू शिडीवरून चालताना पाहिलीस ती उंदरीण त्यातलीच.

पण तिला आम्ही इजा केली त्याच दिवशी औषध दिलं होतं, सुशांत. तुझी जीप उलटली त्याला दोन वर्षं होत आली. तुझा व्रण जुना, तुझा मज्जारज्जू तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि माणसाच्या पाठीत हे कुणी टोचलेलं नाही. किती द्यायचं, कुठे द्यायचं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

शिवाय एन्झाइम संपलंय. शेवटचा थेंब गेल्या महिन्यात वापरला. नवीन मागवायचं तर कस्टममधून सुटेपर्यंत उन्हाळा उजाडेल. तेव्हा हा विषय इथेच थांबव.

अनारसे डब्यात तसेच राहिलेत. कुणाबरोबर तरी पाठवते.

तुझी,
सरलाताई


सेक्टर १५
१९ नोव्हेंबर २००३

चि. सुशांत,

उत्तर नाही. ठीक आहे, मीच बोलते.

काल प्रतिमा लॅबमध्ये येऊन गेली. डिंकाचे लाडू आणले होते. गूळ जरा पुढे गेलाय, पण मी दोन खाल्ले. तुझ्या घरातून कुणीतरी आलं एवढ्यानेच मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू. तिला सगळं फिरून दाखवलं. सूक्ष्मदर्शकातून तंतू पाहताना ती म्हणाली, "ताई, हे तर बाळाच्या बोटांसारखे आहेत हो." इतकी वर्षं मी ते पाहतेय, माझ्या मनात हे आलं नव्हतं.

मग तिने विचारलं, ते औषध असतं कुठे. मी फ्रीझर उघडून दाखवला. गार वाफ आली तशी ती मागे सरकली आणि पुन्हा पुढे झाली. एका नळीवरचं नाव तिने सावकाश जोडून जोडून वाचलं. मी म्हटलं, ती जुनी आहे, तिच्यात काही राम नाही. मध्येच डायरेक्टरांचा निरोप आला म्हणून मला वर जावं लागलं. बिचारी एकटीच बसून राहिली. जाताना वाकून नमस्कार केला, डोळे पुसले. मला भरून आलं.

एक गोष्ट मात्र खटकली. बोलता बोलता तिच्या तोंडून जवळच्या खरड गावातल्या कुणा डॉ. श्यामसुंदर बन्सलचं नाव निघालं, आणि निघाल्यावर तिने जीभ चावली. मी इथे चौकशी केली. नवा दवाखाना आहे, पाठीच्या दुखण्यावर सुया टोचतो. बाहेर मोठी पाटी आणि आत एक टेबल. त्याच्याकडे कशाला जायचंय तुला? दुखतंय का? दुखत असेल तर मला सांग, इथल्या हॉस्पिटलातले कुलकर्णी आपलेच आहेत, उद्याच्या उद्या दाखवू.

आईचा फोन होता. सुशांत थंडीत काळजी घेतो ना, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, घेतो.

ताई


२७ नोव्हेंबर २००३

सुशांत,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. दुपारच्या कालका बसने येऊन तुझ्या दाराखालून सरकवतेय. मी बेल वाजवीन. तू उघडणार नाहीस. निदान हे वाच.

आज सकाळी पट्टे ओढायला मी फ्रीझर उघडला. ती नळी जागेवर नाही. मी सगळे खण उपसले, बर्फ खरवडला. माझ्या विद्यार्थ्यांना विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. लाडवांच्या डब्यात घालून नेली ना तिने? तुझ्या सांगण्यावरून. मला भयंकर संताप आलाय.

पण राग नंतर. आधी हे ऐक. त्या नळीवर जे नाव लिहिलंय ते आत नाही.

आमच्यात एक खोड आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, उघड कुणी बोलत नाही. महागडं एन्झाइम आलं की ते त्याच्या नावाने कुणी ठेवत नाही. शेजारच्या लॅबमधले "मॅडम जी, बस थोडा सा" करत येतात, आणि तुम्ही रजेवर असलात की न विचारताच नेतात. दोन वर्षांचं काम अशाने बुडालेले लोक मी पाहिलेत. म्हणून खऱ्या मालावर असं काही लिहायचं की कुणाला हात लावावासा वाटू नये, आणि जे गेलं तरी जीव हळहळणार नाही अशा कशावर तरी त्या एन्झाइमचं नाव टाकून पुढच्या रांगेत मांडायचं. मी इथे आले तेव्हा मला हे माझ्या वरिष्ठांनीच शिकवलं. चोराला फसवायची नळी आहे ती, सुशांत. फसायला घरचंच माणूस येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तिच्यात ती साखर आहे. कुंपणाची. पट्टे ओढायला वापरते ती. तंतूंना अडवणारी नेमकी तीच. एवढंच असतं तरी मी इतकी घाबरले नसते. तिला बुरशी लागू नये म्हणून मी तिच्यात सोडियम अझाइड घातलंय. ते विष आहे. बशीवर साखर ओढून झाली की आम्ही ते नीट धुवून टाकतो. पाठीच्या कण्यातून थेट आत गेलं तर पायांचं राहू दे, तुझा श्वास बंद पडेल.

कुठे ठेवलीय नळी? घरच्या फ्रिजमध्ये, दुधाशेजारी? प्रतिमाला सांग, हात धुवायला.

नळी परत दे. मी संस्थेत कुणाला बोललेले नाही. तक्रार केली तर प्रतिमाची शाळेतली नोकरी जाईल, कदाचित माझीही जाईल. मला त्याची पर्वा नाही. पण तिची आहे, आणि तुझी आहे.

ताई


२९ नोव्हेंबर २००३, शनिवार

सुशांत,

काल मी पुन्हा आले होते. तू खिडकीशी होतास, मला दिसलास. पडदा ओढलास तेही दिसलं. हे पत्रही आज दाराखालूनच सरकवून जाईन.

परत फिरले तर बसस्टँडवर प्रतिमा मागून धावत आली. म्हणाली, "ताई, ते म्हणतात, आधी संपलं म्हणाल्या, मग जुनी आहे म्हणाल्या, आता विष म्हणतात. उद्या आणखी काही म्हणतील." मी तिचा दंड धरला. जरा जोरातच धरला असेन, दोन बायका वळून बघायला लागल्या. म्हटलं, नळी आण, आत्ता. ती रडली नाही. म्हणाली, "रोज सकाळी उठल्यावर पायाच्या अंगठ्याकडे टक लावून बसतात. हल म्हणतात त्याला. स्वतःशीच, हुकूम दिल्यासारखं. तुम्ही ते कधी बघितलं नाही ताई. सोमवारची वेळ घेतलीय." आणि बस सुटायच्या आत ती निघून गेली.

तिथून मी थेट खरडला गेले. तुझ्या डॉक्टर बन्सलला भेटले. अर्धा तास बसवून ठेवलं, मग चहा पाजला. मी सगळं सांगितलं, साखर, विष, लेबलांची आमची लबाडी. तो शांतपणे म्हणाला, "मैडम जी, दवाई मरीज लाएगा, मैं तो सिर्फ़ सुई लगाऊँगा. काग़ज़ पे साइन करवा लेता हूँ." मी विचारलं, नळीत काय आहे ते तपासणार नाही? तर म्हणाला, "नाम लिखा है ना जी उस पर." तो वाईट माणूस वाटला नाही मला. एवढंच की तुझं काय होईल याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

तुला माझ्यावर विश्वास का नाही ते मला कळतं. मी तुला खोटं सांगितलं होतं. तर आता सगळं खरं सांगते, मग तुला जे करायचं ते कर.

एन्झाइम संपलेलं नाही. आहे. माझ्याच फ्रीझरमध्ये, मागच्या कोपऱ्यात, "जुनं बफर, टाकून देणे" असं लिहिलेल्या नळीत. हे तुला सांगून मी काय ओढवून घेतेय ते मला समजतं. उद्या तू तीच मागशील. पण न सांगता तुला दुसरी खोटी का आहे हे पटणार कसं?

आणि मला कधी मोह झाला नाही असंही समजू नकोस. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ती खरी नळी मी बर्फाच्या डब्यात घालून टेबलावर ठेवली होती. किती मात्रा लागेल याचा हिशेबसुद्धा केला. उंदराच्या वजनावरून तुझ्या वजनाला गुणून. मूर्खासारखा. मग परत आत ठेवली.

का ठेवली ते सांगते. तू पाहिलीस ती उंदरीण. शिडीवरून चालली हे खरं, मागचे पाय दांडीवर नेमके टाकत चालली. पण ऑक्टोबरपासून तिने मागच्या पायाची बोटं कुरतडायला घेतली. अंगाला कापूस लागला तरी किंचाळते. तंतू वाढले, पण कुणाशी जाऊन जुळायचं ते त्यांना कोण सांगणार? काही भलतीकडे गेले आणि आता साधा स्पर्शही तिला आगीसारखा लागतो. ती साखर शरीरात उगाच नसते रे. तंतूंनी वाट सोडून भटकू नये म्हणूनही ती तिथे असते. सगळ्याच उंदरांना असं झालं नाही, दोघांनाच झालं, म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिले. तुला बोलले नाही. त्या दिवशी पिंजऱ्यापुढे तू हसलास. जीप उलटल्यापासून तुला हसताना मी पाहिलं नव्हतं. मला ते मोडवलं नाही. भित्री आहे मी, तुझ्या बाबतीत तर फारच.

आता नळीचं. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. स्वतः बघ.

एन्झाइम म्हणजे प्रथिन, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. आम्ही ते टिकावं म्हणून त्यात आणखी तसलंच प्रथिन घालतो. तापवलं की ते पांढरं पडणारच. साखर कितीही तापव, पाण्यासारखी नितळ राहते. तर असं कर. आधी अंडं फोडून त्याच्या पांढऱ्यात पाणी घाल, ढवळ, त्यातलं थोडं स्टीलच्या चमच्यात घेऊन गॅसवर धर, म्हणजे पांढरं कसं पडतं ते दिसेल. मग दुसऱ्या चमच्यात नळीतला एकच थेंब पाण्यात टाकून तापव. खिडक्या उघड्या ठेव, वाफेवर तोंड नेऊ नकोस, चमचा नंतर फेकून दे. पांढरं पडलं तर मी खोटारडी, जा सोमवारी खरडला. नितळ राहिलं तर मी सांगतेय ते खरं.

एक थेंब पुरे.

उद्या संध्याकाळपर्यंत तुझं काही कळलं नाही तर मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. प्रतिमाचं नाव सांगणार आहे. तू मला जन्मभर माफ करणार नाहीस, नको करूस. जन्मभर असशील तरी, एवढं मला पुरे.

सरलाताई


पिंजौर
३० नोव्हेंबर २००३

ताई,

हे पत्र प्रतिमा घेऊन येतेय. तिला ओरडू नकोस. नळी आणायला मीच लावलं होतं. ती तीन दिवस जेवली नाही धड.

तू सांगितलंस तसं केलं. नाश्ता झाल्यावर टेबल गॅसपाशी लावून घेतलं, खिडक्या उघडल्या. आधी अंडं. पांढरं पडलं, लगेच. मग तुझी नळी. एक थेंब, पाणी, चमचा. नितळ.

मला वाटलं आच कमी पडली. वाढवली. पाणी उडून गेलं, चमच्यात काही दिसेना. पुन्हा घेतला. या वेळी दोन थेंब. नितळ. मग वाटलं, जड माल तळाशी बसला असेल. नळी हलवली, चांगली खळखळून हलवली, पुन्हा घेतला. प्रतिमा म्हणाली, ताईंनी एकच थेंब सांगितलाय. मी म्हटलं, चमच्याला आधीचं काही लागलं असेल, दुसरा दे. तिने दिला. मग तिसरा दिला. मी पाणी बदललं, गाळलेलं घेतलं. प्रत्येक वेळी अंडं शेजारी ठेवून बघत होतो. अंडं पांढरं आणि हे पाणी.

दुपारचं जेवण राहिलं. ती म्हणाली, बास आता. मी म्हटलं, अजून एक. असं बऱ्याचदा झालं. घरातले चमचे संपले, तेव्हा पळी घेतली. फौजेत माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याच्या हातातून काढून घेतलं असतं.

सोमवारचं रद्द केलंय. डॉक्टरला फोन केला. "कोई बात नहीं जी, फिर कभी," म्हणाला.

ठाण्यात जाऊ नकोस. नळी परत करायला हवी होती, पण तिच्यात काही उरलेलं नाही. नुसती पाठवून काय करू? प्रतिमाने कागदात गुंडाळून ठेवलीय, कुठे टाकायची ते तिला सांग.

शेवटचा थेंब होता तो मी पळीत घेतला आणि गॅस बंद केला. तापवला नाही. तो तरी नितळ निघायला नको होता. प्रतिमा पळी मागत होती, धुवायची नाही, टाकून द्यायचीय म्हणत होती. मी बराच वेळ हातात धरून ठेवली, आणि मग दिली.

सुशांत